मधमाश्यांच्या अळ्यांचे जिवाणूजन्य रोग : बॅक्टेरिओफाज उपचार म्हणजे काय, त्याचा उपयोग किती?

डाळिंब, सूर्यफूल, कलिंगड, कांदा बीजोत्पादन अशा पिकांत परागीभवनासाठी मधपेट्या ठेवल्या जातात. पेट्या एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाऊ लागल्या, की त्यांच्यासोबत अळ्यांचे रोगही प्रवास करतात. प्रौढ माश्या वरवर चांगल्या दिसतात, पण आतल्या अळ्या मरत असतील तर काही आठवड्यांत वसाहत कमकुवत होते. अशा वेळी अनेकांचा हात पहिल्यांदा प्रतिजैविकाच्या पुडीकडे जातो. त्यातून रोग पूर्ण जात नाही आणि मधात औषधाचे अंश मात्र उतरतात.

यावर पर्याय म्हणून जगभरात बॅक्टेरिओफाज, म्हणजे जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंवर संशोधन सुरू आहे. त्यांना थोडक्यात ‘फाज’ म्हणतात. फाज कसे काम करतात, प्रयोगांत काय आढळले, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि आज तुमच्या पेटीत अळ्या मरत असतील तर काय करायचे, याची माहिती या लेखात दिली आहे.

आधी रोग ओळखा

फाज विशिष्ट जिवाणूवरच चालतो. त्यामुळे अळी नेमकी कशाने मेली, हे कळल्याशिवाय उपचाराचा विचार करता येत नाही. अळ्यांचे तीन रोग एकमेकांसारखे वाटतात, पण बारकाईने पाहिल्यास फरक दिसतो.

*१) अमेरिकन फाउलब्रूड*
- कारण : पेनिबॅसिलस लार्व्ही हा जिवाणू.
- अळी बहुधा घरावर झाकण बसल्यानंतर मरते. झाकण खोलगट, काळपट, तेलकट दिसते. त्याला बारीक भोके पडतात.
- मेलेली अळी तपकिरी, चिकट होते. सरसासारखा किंवा कुजका वास येतो.
- वाळलेली खपली घराच्या खालच्या बाजूला घट्ट चिकटते, सहज निघत नाही.

*२) युरोपियन फाउलब्रूड*
- कारण : मेलिसोकॉकस प्लुटोनियस हा जिवाणू.
- अळी बहुधा झाकण बसण्यापूर्वी, चार-पाच दिवसांची असताना मरते.
- अळी घरात वेडीवाकडी पडलेली, पिवळट ते तपकिरी दिसते. वास अनेकदा आंबट असतो.
- खपली रबरासारखी असते आणि सहज निघते.

*३) सॅकब्रूड*
- कारण : विषाणू.
- अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते. डोक्याकडचा भाग वर उचललेला असतो. चिमट्याने ती अख्खी बाहेर काढता येते.
- सातेरी मधमाश्यांमध्ये या रोगाचा थाई प्रकार फार नुकसान करतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहती त्याने मोठ्या प्रमाणावर नष्ट केल्या.

*काडीची चाचणी :* संशयित घरात आगकाडी घालून मेलेली अळी ढवळा आणि काडी हळूच बाहेर ओढा. अळीचा लगदा तुटण्याआधी दोन ते अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तार धरत असेल, तर अमेरिकन फाउलब्रूडचा दाट संशय घ्यावा. काडी तिथेच जाळून टाका. खात्री मात्र प्रयोगशाळेतील तपासणीनेच होते.

आपल्याकडील नोंदी पाहिल्या, तर युरोपियन फाउलब्रूड सातेरी मधमाश्यांमध्ये आढळल्याची नोंद १९७१ मध्ये महाराष्ट्रातील संशोधकांनी प्रसिद्ध केली. अमेरिकन फाउलब्रूडची भारतातील नोंद १९६१ मध्ये नैनिताल भागातून झाली. म्हणजे हे दोन्ही जिवाणूजन्य रोग आपल्याला परके नाहीत. पण महाराष्ट्रातील सातेरीपालकाच्या पेटीत मेलेली अळी दिसली, की सॅकब्रूडची शक्यताही तितक्याच गांभीर्याने तपासावी लागते.

अमेरिकन फाउलब्रूड इतका चिवट का?

फाजवरील बहुतेक संशोधन याच रोगावर झाले आहे. त्याचे कारण जिवाणूच्या बीजाणूंत आहे.

प्रतिकूल परिस्थितीत हा जिवाणू स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. त्यालाच बीजाणू म्हणतात. हे बीजाणू मध, मेण, जुनी पोळी आणि पेटीच्या लाकडात ३५ वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात. अन्नाबरोबर ते अळीच्या पोटात जातात, तिथे रुजतात आणि त्यातून वाढणारे जिवाणू बाहेर पडतात. आतड्यात त्यांची संख्या वाढते, मग ते आतड्याचे अस्तर फोडून शरीरभर पसरतात.

अंड्यातून बाहेर पडल्यानंतरचा पहिला दीड दिवस अळीसाठी सर्वांत धोक्याचा असतो. या वयात साधारण दहा बीजाणूही तिला मारायला पुरेसे ठरतात. दोन-तीन दिवसांनंतर तिची प्रतिकारक्षमता खूप वाढते. रोगाने मेलेल्या एका अळीच्या खपलीत मात्र दोन अब्जांहून अधिक बीजाणू असू शकतात. सफाई करणाऱ्या कामकरी माश्यांच्या तोंडाला ते लागतात आणि अन्नातून नव्या अळ्यांपर्यंत पोहोचतात. कमकुवत पेटीतील मध दुसऱ्या वसाहतीच्या माश्यांनी लुटला, की रोग पुढच्या पेटीत जातो.

प्रतिजैविकांची अडचण

अमेरिकेत या रोगासाठी ऑक्सिटेट्रासायक्लिन, टायलोसिन आणि लिंकोमायसिन या प्रतिजैविकांना मान्यता आहे. २०१७ पासून तिथेही ती पशुवैद्यकाच्या लेखी सूचनेशिवाय वापरता येत नाहीत. न्यूझीलंडमध्ये या रोगावर प्रतिजैविक वापरण्यास बंदी आहे. तिथे रोगग्रस्त वसाहत नष्टच करावी लागते.

प्रतिजैविकांच्या तीन मुख्य अडचणी आहेत.

- प्रतिजैविक वाढत्या जिवाणूवर चालते, बीजाणूवर नाही. औषध बंद केले की उरलेले बीजाणू पुन्हा रुजतात. लक्षणे झाकली गेल्यामुळे मधपाळ निर्धास्त राहतो आणि चौकटी इतर पेट्यांत फिरवतो.
- सतत वापराने जिवाणूंत प्रतिकारशक्ती येते. टेट्रासायक्लिनला दाद न देणारे जिवाणू अनेक ठिकाणी आढळले आहेत.
- मधात औषधाचे अंश राहतात. युरोपीय संघाने २०१० मध्ये भारतीय मधाची आयात थांबवली होती, त्यामागे अवशेषांवरील देखरेखीचाच प्रश्न होता. एका मधपाळाच्या चुकीने सामूहिक संकलनातील सगळा मध नाकारला जाऊ शकतो.

याशिवाय टेट्रासायक्लिनमुळे मधमाशीच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणूही कमी होतात.

फाज म्हणजे काय आणि तो कसा काम करतो?

फाज हा फक्त जिवाणूंना लागण करणारा विषाणू आहे. माती, पाणी, शेण, आपले आतडे, जिथे जिवाणू आहेत तिथे फाज असतात. १९१५ मध्ये फ्रेडरिक ट्वोर्ट आणि १९१७ मध्ये फेलिक्स डी’हेरेल यांनी त्यांचा स्वतंत्रपणे शोध लावला. बॅक्टेरिओफाज हे नाव डी’हेरेल यांनी दिले.

त्याच्या कामाचे टप्पे असे आहेत.

1. फाज योग्य जिवाणूच्या पृष्ठभागावर चिकटतो. कुलपाला किल्ली बसावी तसे हे असते. जिवाणू वेगळा असेल तर तो चिकटत नाही.
2. तो आपला जनुकीय भाग जिवाणूच्या आत सोडतो.
3. जिवाणूची यंत्रणा वापरून फाजच्या अनेक प्रती तयार होतात.
4. फाजने तयार केलेले एन्झाइम जिवाणूची भिंत आतून फोडते. जिवाणू मरतो आणि नवे फाज पुढच्या जिवाणूंना गाठतात.

म्हणजे जिवाणू असेपर्यंत औषध स्वतःच वाढते आणि जिवाणू संपले की त्याची वाढही थांबते. माणूस, मधमाशी किंवा पीक यांच्या पेशींना फाजची लागण होत नाही.

प्रयोगांत काय आढळले?

पेनिबॅसिलस लार्व्हीवर वाढणारे फाज १९५० च्या दशकापासून माहीत आहेत. पण अभ्यासाला खरा वेग गेल्या काही वर्षांत आला. अशा फाजचा पहिला संपूर्ण जनुकसंच पोर्तुगालमधील मिन्हो विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. २०१८ पर्यंत ४८ फाजच्या जनुकसंचांची तुलना झाली होती. हे फाज पेट्यांखालची माती, मेण आणि मेणापासून बनवलेली सौंदर्यप्रसाधने अशा ठिकाणांहूनही मिळाले आहेत.

अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास येथील संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या अळ्यांना बीजाणू आणि फाज खाऊ घातले. फाज मिळालेल्या अळ्या अधिक संख्येने जगल्या. लागण होण्यापूर्वी फाज दिले, तर संरक्षण अधिक चांगले मिळाले. बीजाणू रुजून जिवाणू आतड्यात पसरण्याआधी फाज तिथे हजर असेल तरच तो वेळेत काम करतो, हे यावरून समजते.

पेट्यांवरील महत्त्वाचा प्रयोग युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या ५९ जिवाणू वाणांवर फाज तपासले. त्यांतून तीन फाज असे निवडले, की तिघे मिळून सर्व वाणांना मारतील. हे मिश्रण जास्त मात्रेत दिले तरी माश्यांचे मरण वाढले नाही. नैसर्गिक लागण होण्याचा धोका असलेल्या पेट्यांपैकी फाज दिलेल्या सर्व पेट्या वाचल्या, तर फाज न दिलेल्या ८० टक्के पेट्यांना रोग झाला.

हे निष्कर्ष आशादायक आहेत. पण मर्यादित पेट्यांवरील प्रयोग आणि वेगवेगळ्या हवामानात, वेगवेगळ्या मधपाळांच्या हातात वर्षानुवर्षे चालणारा उपचार यांत अंतर असते. हे बहुतेक काम मेलिफेरा मधमाशीवर झाले आहे, हेही सातेरीपालकांनी लक्षात ठेवावे.

न्यूझीलंडमध्ये मधपाळांच्या मदतीने नमुने गोळा करून स्थानिक फाज शोधण्याचा प्रकल्प चालला. हेदर हेंड्रिक्सन या संशोधिकेने त्याचे नेतृत्व केले. जिथे रोगग्रस्त पेटी जाळण्यावाचून मार्ग नाही, तिथे शेजारच्या निरोगी पेट्या वाचवण्यासाठी फाज उपयोगी पडावेत, असा त्यामागचा विचार आहे.

फाज उपचाराच्या मर्यादा

- बीजाणूवर परिणाम नाही. फाजला वाढण्यासाठी जिवंत, सक्रिय जिवाणू लागतो. लाकडात, मेणात आणि मधात सुप्त पडलेले बीजाणू तसेच राहतात. त्यामुळे फाज वापरला तरी दूषित साहित्य नष्ट करण्याचे काम चुकत नाही.
- अळीपर्यंत पोहोचणे अवघड. साखरेच्या पाकातून दिलेला फाज आधी कामकरी माश्यांच्या पोटात जातो. अळ्यांना अन्न भरवणाऱ्या दाई माश्यांमार्फत तो योग्य प्रमाणात, योग्य वयाच्या अळीपर्यंत जायला हवा. कोवळ्या अळीचे अन्न असलेली रॉयल जेली आम्लधर्मी असते आणि त्यात जंतुरोधक घटक असतात. त्यामुळे काही फाज निष्क्रिय होऊ शकतात.
- ऊन आणि उष्णता. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी फाज नष्ट होतात. साठवण, वाहतूक आणि देण्याची वेळ सांभाळावी लागते.
- जिवाणूंचा प्रतिकार. जिवाणू फाजलाही प्रतिकार करू शकतात. म्हणून एका फाजऐवजी अनेक फाजचे मिश्रण वापरले जाते.
- सुप्त राहणारे फाज. काही फाज जिवाणूला लगेच न मारता त्याच्या जनुकसंचात मिसळून राहतात. या जिवाणूवरील आजवर सापडलेले बहुतेक फाज या गटातले आहेत. असे फाज एका जिवाणूची जनुके दुसऱ्यात नेऊ शकतात. म्हणून उपचारासाठी निवड करताना जनुकसंच तपासणे आवश्यक ठरते.

या अडचणीवर उपाय म्हणून पूर्ण फाजऐवजी जिवाणूची भिंत फोडणारे त्याचे एन्झाइम वेगळे काढून वापरण्याचाही अभ्यास झाला आहे. त्याला एंडोलायसिन म्हणतात. ते जिवाणूत लपून राहत नाही. पण बीजाणूचे कवच त्यालाही भेदता येत नाही आणि ते स्वतःहून वाढतही नाही.

प्रतिबंधाचा आणखी एक मार्गही पुढे आला आहे. अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकन फाउलब्रूडविरुद्धच्या लसीला सशर्त परवाना मिळाला. मारलेले जिवाणू असलेले खाद्य राणी माशीपर्यंत पोहोचवले जाते आणि तिच्या अंड्यांतून निघणाऱ्या अळ्यांना काही प्रमाणात संरक्षण मिळते.

आज तुमच्या पेटीत अळ्या मरत असतील तर

फाज उपचार सध्या संशोधनाच्या टप्प्यावर आहे. तो आज तुमच्या हाताशी नाही, हे गृहीत धरून पुढील काळजी घ्या.

*तातडीने करायची कामे*
1. संशयित पेटी जागेवरून हलवू नका. तिच्या चौकटी, मध किंवा पोळी दुसऱ्या पेटीत देऊ नका.
2. प्रवेशद्वार लहान करा, म्हणजे इतर माश्या मध लुटणार नाहीत.
3. आधी निरोगी पेट्या तपासा, संशयित पेटी शेवटी उघडा. पटाशी ज्योतीवर चांगली तापवा, हात साबणाने धुवा आणि हातमोजे बदला.
4. त्या पेटीतून मध काढू नका. मध काढणी यंत्रात तो गेला तर बाकी पोळीही दूषित होतात.
5. मेलेल्या अळ्या असलेला साधारण १० सेंटिमीटर लांब-रुंद पोळ्याचा तुकडा कापा. त्यात मध नसावा. तो कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी येते आणि नमुना वाया जातो.
6. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था, महाबळेश्वर येथील मध संचालनालय किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधा. नमुना कसा व कुठे पाठवायचा हे विचारूनच पाठवा.

*निदानानंतर*
- अमेरिकन फाउलब्रूड : तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली, सायंकाळी सर्व माश्या परतल्यावर वसाहत नष्ट करावी. पोळी, चौकटी आणि मध खड्ड्यात जाळून वर मातीचा जाड थर द्यावा. न्यूझीलंडमध्ये चांगल्या लाकडी पेट्या १६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पॅराफिन मेणात १० मिनिटे बुडवून निर्जंतुक करतात. नुसते उन्हात ठेवल्याने किंवा गरम पाण्याने धुतल्याने बीजाणू मरत नाहीत.
- युरोपियन फाउलब्रूड : हा जिवाणू असे बीजाणू तयार करत नाही. अन्नाची टंचाई आणि कमकुवत वसाहत असताना रोग बळावतो. जास्त बाधित पोळी काढा, साखरेचा पाक द्या, वसाहत एकवटून चौकटी कमी करा, जोमदार नवी राणी द्या. फुलोरा चांगला असेल तर अनेक वसाहती सावरतात.
- सॅकब्रूड : यावर प्रतिजैविक चालत नाही आणि जिवाणूंवरचा फाजही चालणार नाही. राणीला दोन-तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवून अंडी घालणे थांबवल्यास रोगाची साखळी तुटायला मदत होते. ज्या वसाहती रोगातून तगल्या, त्यांच्यापासूनच पुढील वसाहती वाढवा.

*नेहमीची काळजी*
- बाजारातून आणलेला मध माश्यांना खाऊ घालू नका. त्यात बीजाणू असू शकतात. साखरेचा पाकच द्या.
- वापरलेल्या पेट्या, जुनी पोळी स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. त्यांचा इतिहास माहीत असेल तरच घ्या.
- दरवर्षी काही जुनी, काळी पडलेली पोळी बदला.
- स्थलांतरापूर्वी आणि स्थलांतरानंतर प्रत्येक पेटीतील अळ्यांच्या चौकटी पाहा.
- पेट्यांना क्रमांक द्या. कोणती चौकट कुठून कुठे गेली याची वहीत नोंद ठेवा. रोग आला तर ही वहीच पुढच्या पेट्या वाचवते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*फाज घरी तयार करता येईल का?*
नाही. फाज वाढवण्यासाठी आधी रोगाचा जिवाणू मोठ्या प्रमाणात वाढवावा लागतो. नीट गाळण न केलेल्या द्रावणात जिवंत जिवाणू, बीजाणू आणि विषारी घटक राहतात. असे द्रावण पेटीत देणे म्हणजे स्वतःच्या हाताने रोग पसरवणे होय.

*फाजच्या नावाने कोणी औषध विकत असेल तर?*
कोणत्या जिवाणूवर, कोणत्या माशीवर आणि कुठे चाचणी झाली, त्याला अधिकृत परवानगी आहे का, हे लेखी मागा. ‘अळ्यांच्या सर्व रोगांवर एकच फाज’ असा दावा असेल तर तो चुकीचा आहे, कारण कोणताही फाज सर्व रोगांवर चालू शकत नाही.

*व्हरोआ कोळी किंवा मेणकिड्यावर फाज चालेल का?*
नाही. फाज फक्त जिवाणूंवर चालतो.

*भविष्यात फाज आले तर स्वच्छतेची गरज उरेल का?*
उरेलच. फाज मुख्यतः शेजारच्या निरोगी पेट्यांना वाचवण्यासाठी उपयोगी पडण्याची शक्यता आहे. बीजाणूंनी भरलेली पेटी तो शुद्ध करू शकत नाही. रोग लवकर ओळखणे, पेटी वेगळी ठेवणे आणि दूषित साहित्य नष्ट करणे ही कामे तेव्हाही मधपाळालाच करावी लागतील. आजपासून दर १० ते १५ दिवसांनी अळ्यांची चौकट डोळ्यांखालून घालण्याची सवय लावा. रोग पहिल्या पेटीत सापडला तर बाकीच्या पेट्या वाचतात.